सासऱ्यांच्या मिश्या

अरे, मी ट्रक घेतला ना, तेव्हाचं सांगते. पहिलं भाडं मिळवायला भिवंडीच्या एका गोदामात गेले. तिथला मॅनेजर म्हणाला, "ड्रायव्हरला पाठवा."

"मीच ड्रायव्हर आणि मालकही मीच."

"अनुभव?"

"आजपासून सुरू."

"नाही जमणार. अनुभवी माणूस आणा."

असं डोकं फिरलं माझं. त्याने लायसन्स बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना सोबत नेलं. त्यांच्या पांढऱ्या मिश्या बघून साहेबांनी मुकाट माल भरायला लावला. कागदही त्यांच्याच हातात दिले. "काका, जपून चालवा."

"मला सायकलपन येत न्हाय," सासरे म्हणाले. "चालवनार ही."

मॅनेजर ट्रकच्या दारासमोर आडवा आला. पण ट्रक तर भरून झालेला.

मी म्हटलं, "बाजूला व्हा साहेब, ड्रायव्हरला वर चढू द्या."