खोडलेलं शून्य

—नाही मॅडम, खाडाखोड झाली म्हणजे लबाडी झाली असं नसतं. बसा ना – ती नको, ती डुगडुगते, ही खुर्ची घ्या. पावसाच्या वहीतल्या बारा तारखेचंच म्हणताय ना? शून्य खोडून चौदा पूर्णांक दोन. आसपासच्या चारही केंद्रांवर कोरडं ठणठणीत आणि आमच्या एकट्या टेकडीवर चौदा मिलिमीटर – शंका येणारच, मलाही आली असती. म्हणजे आलीच होती. ते असू दे, आधी यंत्र बघा. यंत्र कसलं, नरसाळं आणि खाली बाटली. पण नरसाळ्याचं तोंड रुंद आणि ही मोजायची नळी अरुंद, म्हणून एवढासा पाऊसही नळीत उंच चढतो, बारीक फरक कळतो. एक मिलिमीटर म्हणजे काय? पाणी जिरलं नाही, वाहिलं नाही, उडून गेलं नाही, तर जमिनीवर तेवढा थर साचेल, बास. नळी डोळ्यांसमोर सरळ धरायची. पाणी कडेनं काचेवर चढतं, त्याला भुलायचं नाही – मधला खोलगट भाग कुठल्या रेघेवर टेकलाय ते वाचायचं. एकतीस वर्षं मी हेच करतोय. म्हणजे, आम्ही.

आम्ही म्हणजे मी आणि आमची ही. ती मदत करते थोडी. तर अकराला मी शहरात गेलो होतो, एका कामाला. रात्री आलो, जेवलो, आडवा झालो. सकाळी ही म्हणते, चौदा पूर्णांक दोन लिहा. मी म्हटलं, काल शहरात पानही ओलं झालं नाही, तू काय झाडांची झारी ओतलीस का त्यात? असं म्हणायला नको होतं – पण तोंडातून गेलं, आणि मी लिहिलं शून्य. मग काय, चार दिवस अबोला. रोजचा आकडा मात्र तिनं चुकवला नाही हो – चहा ठेवायचा, 'शून्य' म्हणायचं आणि आत निघून जायचं. त्या शून्यात असा काही सूर असायचा की तो माझ्याबद्दलच आहे असं वाटावं.

पाचव्या दिवशी पोस्टमन आला, हातात आमची छत्री. म्हणाला, काका, अकराच्या पावसात काकूंनी दिली म्हणून टपाल वाचलं, नाहीतर लगदा झाला असता. मी छत्री घेतली. हे तिनं मला का नाही सांगितलं? का सांगेल? तिनं आकडा सांगितला होता, साक्षीदार कशाला आणेल? आत आलो, शून्य खोडलं, तिचा आकडा लिहिला. ती बघत होती. म्हणाली, 'दोन नीट काढा, सातासारखा दिसतोय.' संपला अबोला.

काय? अंगण? सकाळी अंगण ओलं दिसलं नाही का – नाही दिसलं. तापलेली जमीन, पिऊन टाकते पाणी… नाही मॅडम. ओलंच होतं म्हणे. मला अंगणच नीट दिसत नाही. शहरात डोळ्यांच्याच डॉक्टरकडे गेलो होतो, ते म्हणाले, आता आहे तेवढंच जपा. दोन वर्षं झाली, नळी तीच वाचते. मी हाताच्या सवयीनं लिहितो आणि खाली माझी सही ठोकतो. आणि खरं सांगू? माझ्यापेक्षा ती चोख वाचते. मी पूर्वी कंटाळलो की अर्धा-पाऊण इकडेतिकडे करायचो. ती नाही. गुडघे टेकून बसते, श्वास धरून.

बघा, हे काही सांगायचं नव्हतं. पण आता ऐकलंत, तर एक करा. निरीक्षक म्हणून माझं नाव खोडायचं तर खुशाल खोडा, पण तिचा आकडा खोडू नका. पडलेला पाऊस आहे तो, मॅडम.

लिहिताय? काय लिहिताय? मला नका दाखवू, मला ती नुसती मुंग्यांची रांग दिसते. आमची ही मागच्या दारी कपडे वाळत घालतेय – जा, तिच्याच हातात द्या वही. नाही, मी नाही येत. मी इथेच बरा. तुम्ही जा.