वीज कडाडली की प्लग काढायचा

बोरी अरबच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघी जणी बोलत होत्या.

“पंचफुलाबाई, देवरावभाऊ अजून ते श्वासाचं मशीन लावूनच झोपतेत काय?”

“हो वो, जमनाबाई. झोपेत दम अडकते ना त्यायचा. पण वीज कडाडली की प्लग काढा, मशीन बंद तर मास्कही काढा, असं डाक्टरनं सांगतलं.”

“मंग झोपतेत कसे?”

“झोपूच देत नाही. भाव नाही म्हून कापूस घरातच पडला हाये. त्या गंजीले टेकून आमी दोघं लाईट येईपर्यंत गप्पा मारतो.”

“एवढं काय बोलता वो?”

“आमच्या लग्नात माहा मामा काहून रुसलता, ते मले आता समजलं!”

“बाप्पा!”

“काल तर आभाळात ढगाचं नाव नव्हतं, लाईटही होती. तरी बुढ्यानं आपल्याच हातानं प्लग काढला.”