नाइटवाल्याचं घर

(भिलाई, सुपेल्यामागची गल्ली. दुपारचे साडेबारा. मागच्या पायरीवर रेणू आणि शेजारच्या सिंधुताई कुजबुजत आहेत. आत रेणूचा नवरा भूपेंद्र झोपलेला.)

सिंधुताई: ही बॅग कोनाची म्हटलं मी.

रेणू: हळू, काकू. हे झोपले आहेत. माझीच आहे. दीडच्या गाडीनं गोंदियाले चालली.

सिंधुताई: माय बरी आहे ना?

रेणू: सगळे बरे आहेत.

सिंधुताई: मग भूपेंद्रनं हात उगारला का? दारू-गिरू?

रेणू: नाही जी. तसं काही असतं तर आईले सांगता तरी आलं असतं. लग्नाले आठ महिने झाले, आठही महिने रसमड्याच्या कारखान्यात यांची नाइट. सकाळी येतात, जेवतात, झोपतात. बेलची वायर मी काढून ठेवली. टीव्ही बंद, मिक्सर बंद. घरात चप्पल नाही घालत मी.

सिंधुताई: नाइटवाल्याचं घर असंच असते, बाई.

रेणू: काल भाजीवालीले भाव विचारायले गेली, तर आवाजच निघाला नाही. सकाळपासून तोंडच उघडलं नव्हतं. तिले वाटलं मुकी आहे. बोटानं भाव दाखवला तिनं. मीही बोटानंच अर्धा किलो सांगितला, अन् घरी आली.

सिंधुताई: तिले सांगितलं नाही?

रेणू: कशाले सांगू? मुकीच तर झाली मी.

सिंधुताई: चिठ्ठी ठेवली असशील.

रेणू: फ्रिजवर.

सिंधुताई: चिठ्ठी नको ठेवू. उठव त्याले, अन् तोंडानं सांगून जाजो.

रेणू: रात्रभर भट्टीपाशी उभे राहतात, काकू. कसं उठवू?

सिंधुताई: मी बी हेच म्हणत राहिली. प्लांटच्या शिफ्टा होत्या ह्यांच्या, छत्तीस वर्षं. बाप झोपला का पोट्टे पाटीवर लिहून भांडायचे. आता रिटायर होऊन सहा वर्षं झाले. दिवसभर समोर बसतात. मी चहा ठेवतो, ते पितात. बोलाची सवयच नाही लागली आमाले. मी रोज इथं येऊन काऊन बसतो, वाटते तुले?

रेणू: मले वाटे, माझ्यासाठी येता.

सिंधुताई: तुझ्यासाठी बी येतो. जा, उठव.

भूपेंद्र (आतून): रेणू?

रेणू: झालं. उठले.

भूपेंद्र: घरीच आहे ना तू?

रेणू: आहे जी, मागं. काकू आल्या. झोपा तुम्ही, आता आवाज नाही होणार.

भूपेंद्र: होऊ दे ना. नींद कुठं येते मले दिवसा.

रेणू: कधीपासून?

भूपेंद्र: शुरू से. दोनेक घंटे लागते, बस. मग पडून राहतो.

रेणू: आठ महिने? अन् बोलले काऊन नाही?

भूपेंद्र: तू इतकी जपून चालते. जागा आहो म्हटलं असतं तर तुले खराब लागलं असतं. तिकडे रातभर मशीन, कानात प्लग, किसी से बात नाही. इकडे घर इतकं चूप, का पडल्या पडल्या वाटते, ही गेली. उठून पाहाची हिंमत नाही होत.

सिंधुताई: मी निघतो, रेणू. आमच्या घरी बी एक जण बसला आहे.

भूपेंद्र: रेणू, चूप काऊन झाली?

रेणू: चाललीच होती मी. बॅग भरून बसली आहे पायरीवर.

भूपेंद्र: कुठं?

रेणू: गोंदियाले. दीडच्या गाडीनं.

भूपेंद्र: मग... जाशील?

रेणू: संध्याकाळी पाचची आहे अजून एक. इकडे या, बसा. तोवर बोला माझ्याशी.