खुराक करणारा हात

माझं माहेर खडकवासला धरणाच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. चौथीपर्यंत शिकले, मग धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला घरी बसले ती बसलेच. लग्न होऊन धायरीत आले तेव्हा इथे अजून शेतं होती. सासरे पैलवान, त्यामुळे सासरी मला सगळ्यात आधी शिकवला तो खुराक. भिजवलेले बदाम सोलायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, दुधात कालवायचे आणि तांब्या पैलवानाच्या हातात द्यायचा. पैलवान आत काय आहे ते विचारत नाही, एका दमात पितो, कारण विचारणं म्हणजे घरच्या बाईवर संशय. सासरे म्हणायचे, सूनबाई, मारलेली कुस्ती अर्धी तुझी. मला तोवर कुणी कशातलं अर्धं दिलं नव्हतं, मी ते मनात जपून ठेवलं.

माझी वैशू अकराव्या वर्षी कुस्तीला जायला लागली. नऊ वर्षं रोज सकाळी तिने माझ्या हातचा तांब्या रिकामा केला. जिंकून आली की पदक आधी माझ्या गळ्यात घालायची, म्हणायची, घे आई तुझं अर्धं. मी लाजून पदराखाली झाकायची.

मग त्यातल्या शेवटच्या वर्षी तिला कुस्ती शिकवणाऱ्या सरांनी मला बोलावून एक डबा दिला. पांढरी पूड, वरचा कागद खरवडून काढलेला. म्हणाले, ताई, खुराकात रोज एक चमचा, ताकदीचं आहे, वैशूला सांगू नका, पोरी नखरे करतात. मी म्हटलं, बरं सर. मोठ्या माणसापुढे मला दुसरं बोलताच येत नाही.

आता काय सांगू तुम्हाला, मला काहीच कळलं नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. तिचा आवाज जाड झाला, हनुवटीवर केस आले, तीन महिने पाळी नाही. मी सरांना विचारलं, ते म्हणाले, मेहनतीने होतं. मी ऐकलं, कारण मला ऐकायचं होतं. पोरगी समोर येईल तिला चितपट करत होती हो. मी चमचा घालत राहिले.

निवड स्पर्धेच्या शेवटच्या कुस्तीत समोर सांगलीकडची एक बारीकशी पोरगी होती. वैशूने तिला उचलून आपटली आणि तिचा खांदा निखळला. ती ओरडली तेव्हा मी टाळ्या वाजवत होते. ते हात अजून माझ्यापाशीच आहेत.

त्याच दिवशी वैशूची लघवी तपासायला घेतली होती. काही दिवसांनी पत्र आलं, इंग्रजीत. तिने वाचलं, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, आई, तू खुराकात काय घालायचीस? नऊ वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी डबा तिच्या हातात दिला. ती नुसता डबा हुंगत राहिली.

चार वर्षांची बंदी, आणि त्या दिवशीचं पदकही काढून घेतलं. सर म्हणाले, मी असलं काही दिलंच नाही. मी चौकशीला गेले, सांगितलं, साहेब, मी घातलं, तिला ठाऊक नव्हतं, शिक्षा मला द्या. साहेब म्हणाले, ताई, अंगात सापडलं त्याला खेळाडूच जबाबदार. म्हणजे अर्धी कुस्ती माझी होती, पण शिक्षेतलं अर्धं मागून मिळालं नाही.

माझे दीर म्हणतात, वहिनी, सगळेच घेतात, सरकारने परवानगीच द्यावी, मग सगळे सारखे. जावेने त्यांना विचारलं, मग आपल्या लेकीला द्याल का चमचाभर? दीर चप्पल घालून बाहेर गेले. मला भाषण येत नाही, पण मला एवढं दिसतं की परवानगी दिली तर घराघरात आईला चमचा हातात घ्यावाच लागेल, आणि जी घेणार नाही तिची पोरगी हरेल. बंदी बरोबर आहे. माझ्याच पोरीवर आली तरी बरोबर आहे. हे मी घरात कुणाला म्हटलेलं नाही.

सांगलीच्या पोरीच्या आईला मी फोन केला. सगळं सांगितलं. बाई म्हणाली, पदक आमच्याकडं आलंय, पण पोरीला हात वर करून खिळ्याला अडकवता येईना, मीच अडकवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वैशूची ताकद उसनी होती, त्या पोरीचा खांदा मात्र तिचा स्वतःचा होता.

वैशू आता एका दुकानात कामाला जाते. पाळी सुरू झाली, आवाज मात्र तसाच राहिला. फोनवर तिला लोक दादा म्हणतात, ती दुरुस्त करत नाही. खुराक बंद आहे. सकाळी मी चहाचा कप पुढे ठेवते, ती हात लावण्याआधी विचारते, यात काय आहे? रोज विचारते. सुरुवातीला मी तोंड फिरवून ओट्याकडे वळायची. आता मी सांगते, पाणी, दूध, साखर, चहाची पावडर, थोडं आलं. ती ऐकून घेते आणि मग पिते. तिने असंच विचारत राहावं, माझ्यामागेही, कुणीही काहीही पुढे केलं तरी.