देवीला न विचारलेला प्रश्न

मंडळींनो,

खुर्च्या संपल्या आहेत. मागची माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, काही बाहेर पडवीत आहेत. शाळेच्या या हॉलमध्ये इतकी गर्दी मी फार दिवसांनी पाहतो आहे. फिलूबाय असती तर म्हणाली असती, "इतकी माणसा! जेवण आसा की काय?"

हसलात. हसा, तिला चाललं असतं. पण हसून झालं की माझं ऐका. मला आज बोलणं जड जातं आहे. नुसतं दुःख असतं तर दोन वाक्यं बोलून मी खाली बसलो असतो. पण हा राग आहे. रागावलेला माणूस लवकर खाली बसत नाही.

माझ्याआधीचे सगळे वक्ते मी नीट ऐकले. फिलोमिना बाय प्रेमळ होत्या. फिलोमिना बाय इंग्लंडात नर्स होत्या, तरी गावाला विसरल्या नाहीत. कोणाचं ब्लडप्रेशर तपासलं, कोणाच्या आईला शेवटपर्यंत पाहिलं. सगळं खरं आहे. पण एकाच्याही तोंडून 'पूल' हा शब्द निघाला नाही. जी बाई पुलासाठी भांडली आणि पुलावरच मेली, तिच्या शोकसभेत पूल नाही! काय तुमचं कसब! बांगड्याचं तिखलं करायचं आणि त्यात बांगडाच घालायचा नाही.

मग मीच घालतो.

आपला जुना पूल. साहेबाचा पूल. काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, खाडीवर कमानी टाकून उभा. तो साहेबाने आपल्या मायेपोटी बांधला नव्हता, हे मला माहीत आहे. त्याला त्याचा माल हलवायचा होता, त्याचे शिपाई आणायचे होते. मी इथे साहेबाची आरती ओवाळायला आलेलो नाही. पण साहेब गेला आणि पूल उरला. मग त्यावरून कोण गेलं? तुमच्या आया गेल्या. त्या पुलाचा कठडा किती उंच होता, आठवतं? डोक्यावर माशांची पाटी घेतलेली बाई त्याला पाठ लावून उभी राहिली, की पाटी कोणाच्या हाताविना मागे कठड्यावर सरकायची. ओझं उतरवायला माणूस लागत नसे. बाई घाम पुसायची, पान खायची, सासूला चार शिव्या घालायची आणि पाटी पुन्हा डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. ज्या घरांत आज गाड्या उभ्या आहेत, त्यांतली कितीतरी घरं त्या कठड्यावर टेकलेल्या पाट्यांवर उभी आहेत.

पुलाची ही किंमत आपल्याला कोणी शिकवली? फिलूबायने. ती इंग्लंडातल्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्यांच्या इस्पितळात नोकरीला होती. त्या गावाच्या नदीवरही असाच एक दगडी पूल होता. ती सांगायची, मरायला टेकलेली म्हातारी माणसं रात्रपाळीच्या नर्सचा हात धरून त्या पुलाविषयी बोलायची. एकाचा भाऊ त्याच्याखाली बुडाला होता. एकीला त्याच्यावर नवऱ्याने लग्नाचं विचारलं होतं. एक जण म्हणे नुसता विचारायचा, नदीला पाणी किती आलंय? फिलूबाय मला म्हणाली होती, "मास्तरांनू, मरताना माणसाक घर आठवत नाय, पूल आठवता. घरातसून तर भायर पडूचाच असता."

तिथे वाहनं वाढली तेव्हा लोकांनी काय केलं? बाजूला नवा पूल बांधला आणि जुना पायी चालणाऱ्यांना ठेवला. बस. एवढीच गोष्ट ती तिथून घेऊन आली. माणसं विलायतेतून चॉकलेटं आणतात, सेंट आणतात. हिने एक साधी अक्कल आणली. तुम्हाला ती नको होती, कारण ती फुकट होती.

नव्या पुलाला तिने कधीच विरोध केला नाही. हे मोठ्याने सांगतो, पडवीतल्यांनाही ऐकू जाऊ दे. नव्या पुलाला फूटपाथ नाही, म्हणून जुना पाडू नका, एवढंच तिचं मागणं होतं. त्यावर तुम्ही तिला काय म्हणालात? विलायतीण. सायबाची सून. चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "काय गो फिलूबाय, सायबान तुका पूल राखूक धाडल्यान काय?" ती म्हणाली, "सायबाच्या म्हाताऱ्यांचा हगना-मुतना काढलंय रे मिया. तुझा पण काढीन. पण मेल्यावर तुझी तिरडी खंयच्या पुलावरसून नेतले, ता आधी ठरव."

तो गृहस्थ आज हार घेऊन आला आहे. हार छान आहे.

मग तुम्हाला अचानक देशभक्ती आठवली. गुलामगिरीची निशाणी पाडा! वा! पाडली. आणि दगड कुठे गेले? त्या घडीव दगडांची कुंपणं गावात कोणाकोणाच्या अंगणात उभी आहेत, हे येताना पाहत आलो. एकाच्या होमस्टेच्या दारात त्याच दगडांचा कट्टा आहे आणि वर पाटी आहे, 'ऐतिहासिक अनुभव'. पुलात होते तेव्हा गुलामगिरी. तुमच्या अंगणात आले आणि इतिहास झाला.

पण दगडचोरीसाठी मी आज इतका चिडलेलो नाही. दगड पचतात माणसाला. मी आलो आहे त्या एका वाक्यासाठी, जे परवा फिलूबायला मातीत ठेवत असताना माझ्या पाठीमागे कोणीतरी कुजबुजलं.

"देवीच्या आड इली, म्हणान असा झाला."

ऐकलंत? ती देवीच्या आड आली, म्हणून देवीने तिला डंपरखाली घातलं. सकाळी मिसाला, प्रार्थनेला चर्चमध्ये निघालेली सत्तरी ओलांडलेली बाई, नव्या पुलावर चालायला हातभर जागा नाही, मागून चिऱ्यांनी भरलेला डंपर. आणि दोष कोणाचा? देवीचा कोप! मंडळींनो, नालायकपणाला इतकी स्वस्त देवी दुसऱ्या कुठल्या गावात मिळणार नाही.

आता नीट ऐका. पूल पाडायला यंत्र आलं त्या दिवशी फिलूबाय प्लास्टिकची खुर्ची घेऊन पुलाच्या मधोमध बसली होती. छत्री उघडलेली, थर्मासमध्ये चहा. यंत्रवाल्याला तिने चहा दिला आणि परत पाठवलं. इंजिनिअर आला, परत गेला. पोलीस आले, त्यांचं ब्लडप्रेशर तपासून तिने त्यांनाही परत पाठवलं. कोणाला ती बधली नाही. मग ती उठली कशी? दुसऱ्या सकाळी गावातले तिघे जण तिच्या दारात गेले आणि म्हणाले, "देवळात कौल लावलो. पूल मोडूक देवीन सांगल्यान."

कुंपणापलीकडून सुनंदा वहिनींनी हे ऐकलं. त्या सांगतात, फिलूबायने हातातला थर्मास खाली ठेवला. मग म्हणाली, "देवीन सांगल्यान तर माझा काय चलता? गाव तिचो." आणि पुलावर जाऊन तिने खुर्ची मिटली.

सरकारला न भिणारी बाई देवीपुढे वाकली. येशूची लेक, पण पहिला हापूस चर्चला आणि दुसरा देवीला पाठवणारी. तिचा तुमच्या देवीवर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास होता. आणि तुम्ही त्या विश्वासाचा गळफास केला.

कारण जुन्या पुलाचा कौल झालाच नव्हता.

शांत बसा. कौल काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. देवीच्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवायचे, प्रश्न घालायचा. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. देवी विचारलेल्याचंच उत्तर देते. न विचारलेल्याचं देत नाही. त्या दिवशी प्रश्न काय घातला होता? गुरवकाका समोर बसले आहेत. परवा दफनभूमीच्या फाटकात त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मास्तरांनू, नव्या पुलाचा काम निर्विघ्न होऊ दे काय, इतक्याच विचारललो. देवीन उजवो दिल्यान. जुन्या पुलाचो प्रश्न घातलोच नाय. माझ्या तोंडार देवीचो अंगारो आसा, खोटा बोलूचंय नाय."

मान खाली घालू नका, काका. या हॉलमध्ये आज ज्यांनी मान वर ठेवावी असे तुम्ही एकटे आहात.

तर देवीच्या आड कोण आलं? जिने देवीचं नाव ऐकून खुर्ची मिटली ती? की ज्यांनी देवीला प्रश्न न विचारता तिचं उत्तर तयार केलं ते? देवीची सही खोटी मारलीत तुम्ही. आणि त्या खोट्या सहीवर एक पूल गेला. मग पायी चालणारी एक बाई गेली. उद्या पाटीवाल्या कोळणी जातील, शाळेला निघालेली तुमची नातवंडं जातील. त्यांच्याही वेळी कुजबुजणार आहात, देवीच्या आड इली?

ते तिघे कोण, हे मला माहीत आहे. वहिनींनी आवाज ओळखले आहेत. मी नावं घेणार नाही. एक खूण सांगतो, त्यांतल्या एकाने आज पांढरा सदरा घातला आहे. बघा कसे एकमेकांकडे पाहताय! अर्ध्या हॉलने पांढरा सदरा घातला आहे.

आता शेवट. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली. आज तसं होणार नाही. कोणीही उभं राहू नका. सगळे बसून राहा. घड्याळ बघू नका. या हॉलमध्ये उभं राहण्याचा हक्क आज फक्त त्या तिघांना आहे. त्यांतल्या एकाने उठावं आणि गावासमोर एवढंच म्हणावं, "जुन्या पुलाचो कौल झालो नव्हतो. फिलूबाय देवीच्या आड इली नाय." बाकी काही नको. माफी नको, हार नको.

तो उठेपर्यंत जी शांतता राहील, तीच आपली श्रद्धांजली. दोन मिनिटं लागोत, नाहीतर दिवेलागण होवो. दार उघडं आहे. इथून पुलावरचे डंपर ऐकू येतात.

फिलूबाय, तुका माझो नमस्कार. बस गो. आज खुर्ची मिटू नको.