टबातलं न बदललेलं पाणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, समोर बसलेले सहकारी, मॅडमचे यजमान आणि सूनबाई, आणि ज्यांना निरोप द्यायला आज जीव होत नाही त्या आमच्या मॅडम, सर्वांना माझा नमस्कार.

मी प्रयोगशाळेतला मदतनीस. सव्वीस वर्षं काचेची भांडी धुतली. ती उलट बोलत नाहीत, त्यामुळे मलाही बोलायची सवय राहिली नाही.

मॅडम नेमकं काय करतात, असं माझ्या आईने एकदा विचारलं. मी म्हणालो, चाळण्या करतात. रंगीत पाण्यातला रंग अलीकडे अडकावा आणि नितळ पाणी पलीकडे जावं, इतक्या बारीक. यजमान हसताहेत, कारण घरीसुद्धा त्या चहा दोनदा गाळतात. काचेवर चिकट द्रावण पसरायचं, पात्याने एकसारखं ओढायचं आणि काच अलगद पाण्यात सोडायची. दुधावर साय धरावी तसा पांढरा पडदा धरायचा. आम्ही दोघंही श्वास रोखून बघायचो. काय दिवस होते ते!

मॅडमचा नियम असा, की टबातलं पाणी रोज बदलायचं आणि वहीत तशी खूण करायची. एकदा माझा आळस नडला. पाणी आदल्या दिवशीचंच ठेवलं, खूण मात्र केली. नेमका त्या दिवशीचा पडदा असा उतरला, की वरून लाल पाणी ओतलं आणि खाली नितळ थेंब पडले. मॅडम लहान मुलीसारख्या हसल्या. त्यांचा शोधनिबंध छापून आला.

पुढे आठ महिने खटपट केली, पण तसा पडदा पुन्हा झाला नाही. मी शेजारीच होतो, मिठाची गुळणी धरून. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती ना! शेवटी मॅडमनी शोधनिबंध स्वतःहून मागे घेतला. आकडे रंगवले होते, अशी कुजबुज झाली. तेव्हाही गप्प बसलेल्या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

मागच्या सोमवारी त्यांचं कपाट आवरताना मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता खरडपट्टी निघणार. त्यांनी एवढंच विचारलं, "आदल्या दिवशी त्या पाण्यात किती काचा बुडवल्या होत्या?"

जुनी वही काढून पाहिली. चार. मॅडमनी अ‍ॅप्रन चढवला. एकाच पाण्यात चार काचा बुडवल्या, त्यांच्यावरचं रसायन पाण्यात उतरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी पाचवी सोडली. लाल पाणी ओतलं. खाली नितळ थेंब पडले.

मॅडम स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही."

मला फार लाज वाटली. अजून वाटते.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आपला ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. वागण्यात झालं त्याची माफी मी या सभेकडे मागत नाही, ती द्यायची की नाही हे मॅडम ठरवतील. कुजबुजणाऱ्यांपैकी काही जण आज इथेच बसले आहेत. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून माईक जरा जवळ घेतो.

मॅडम, तुमचे आकडे खरे होते.