खंडेनवमीला पुजलेला आरसा

(गडमुडशिंगीतलं किराणा दुकान. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. सिद्धाप्पा सकाळपासून लेकीच्या नजरेला नजर देईना झालाय.)

रक्षिता : ...मेल लिहून ठेवलाय आप्पा. पाचच्या आत पाठवते. जमणार नाही म्हणून.

सिद्धाप्पा : आगं, लडाखची नोकरी हाय. अशी सोडतंय व्हय कोण?

रक्षिता : काम काय आहे माहितीय? हानलेच्या दुर्बिणीचा आरसा सांभाळायचा. दोन मीटरचा! आणि मला माझ्या घरी केलेल्या दुर्बिणीचा वीतभर आरसा सांभाळता आला नाही. काल अख्ख्या गल्लीला चंद्र दाखवायला बसले. बायडाबाई म्हणाली, ‘चंद्रावर पीठ सांडलंय गं!’

सिद्धाप्पा : ढग आसतील की.

रक्षिता : आभाळ स्वच्छ होतं. बॅटरी मारून बघितलं, आरशाचा चकचकीत थर गेलाय. मीच कुठंतरी ओल लागू दिली असणार. आठ महिने हातानं काच घासली होती मी!

सिद्धाप्पा : मंग भिंगाची घे की दुसरी. आरशाची कटकटच नगं.

रक्षिता : भिंगाला नुसतं कडेनं धरता येतं. लई मोठं केलं की आपल्याच वजनानं वाकतं. आरशाला पाठीमागनं आधार देता येतो. म्हणून मोठ्या दुर्बिणी आरशाच्याच.

सिद्धाप्पा : आन तुमची सहल गेलती ती, नारायणगावाकडची दुर्बीण?

रक्षिता : खोडदची? ती रेडिओ लहरी टिपणारी. जाळीच्या मोठाल्या ताटल्या आहेत तिथं. ढग असू दे, दिवस असू दे, तिला फरक नाही. तिला त्रास मोबाईलचा, मोटारींचा. म्हणून शहरापासनं लांब ठेवलीय. हानलेची डोंगरावर, कारण हवा पातळ आणि कोरडी पाहिजे. काही तर हवेच्याही पार, अवकाशात सोडल्यात. पण तुम्ही विषय का बदलताय?

सिद्धाप्पा : न्हाय, इचारतो. ह्यो थर काचेच्या मागं आसतो न्हवं? घरातल्या आरशागत?

रक्षिता : छे! दुर्बिणीत पुढच्या अंगाला असतो. उघडा. बोटसुद्धा लावायचं नाही.

सिद्धाप्पा : पुढं आसतो व्हय...

रक्षिता : आप्पा, काय केलंत?

सिद्धाप्पा : खंडेनवमीला तराजू धुतला, मापं धुतली. म्हटलं, पोरीचं हत्यार बी पुजाया पायजे. तू कोल्हापुरात गेलतीस. बुडाचं स्क्रू काढून आरसा भाईर घेतला. धूळ दिसली. मापं घासली त्याच राखंनं...

रक्षिता : राखेनं?

सिद्धाप्पा : वल्ल्या फडक्यानं, हळूच. मग इबूत लावली, कुंकू वाहिलं आन पुसून परत बसवला. मला वाटलं लख्ख झाला.

रक्षिता : काल मी रडत होते. तुम्ही दारात उभे होता.

सिद्धाप्पा : व्हतो.

रक्षिता : मग तोंडातनं शब्द का नाही फुटला?

सिद्धाप्पा : आधी भ्यालो. मंग तू म्हणालीस, आता न्हाय जात मी लडाखला. आन रक्षे, मला बरं वाटलं. लेक घरात ऱ्हाती म्हणून रात्री दोन घास जास्त ग्येलं बघ मला. सकाळपासनं मन खातंय. बापानं आसं करावं व्हय? शिव्या दे मला.

रक्षिता : म्हणजे चूक माझी नव्हती.

सिद्धाप्पा : न्हवती. तुझा आरसा चोख व्हता. मी घाण केली.

रक्षिता : थर पुण्यात परत बसवून मिळतो. काचेवर चरे नसले तर. तो तिकडं नेऊन आणायचं काम तुमचं. जाताना वाटेत उघडून बघायचा नाही.

सिद्धाप्पा : हात लावत न्हाय. आन त्यो मेल?

रक्षिता : पुसून टाकते. येते म्हणून कळवते. पण राग गेलेला नाही आप्पा. एवढ्यात जायचाही नाही.

सिद्धाप्पा : नगं जाऊ दे. तिकडनं रागातच फोन कर, पर कर.